विशेषण शिकवा ते त्याच्या सोबत्यासह

आठवीच्या वर्गात ‘राग’ या विषयावर चार-पाच इंग्रजी वाक्यं लिहायला सांगितली, की वह्यांमागून वह्यांत एकच वाक्य भेटतं : ‘आय ॲम अँग्री ऑन माय ब्रदर.’ मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. या वाक्याखाली लाल रेघ ओढताना दर वेळी वाटतं, की या पोराचं मराठी अगदी पक्कं आहे. राग भावावरच येतो. प्रेम, विश्वास, संशय, रुसवा, सगळं आपल्याकडे माणसा‘वर’ असतं. मुलानं ‘वर’ ऐकलं आणि त्याच्या जागी ‘ऑन’ बसवलं. इंग्रजीत ते ‘अँग्री विथ’ असतं, नाहीतर ‘अँग्री ॲट’. आणि राग माणसाचा नसून एखाद्या गोष्टीचा असेल तर ‘अँग्री अबाउट’. हे त्याला कळावं तरी कसं?

कारण आपण शब्दयोगी अव्ययं शिकवतो ती टेबल आणि खुर्ची घेऊन. पुस्तक टेबलावर, चेंडू पेटीत, मांजर खुर्चीखाली. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर. वस्तू कुठे आहे हे सांगण्यापुरतं ते बरोबर आहे. पण विशेषणाच्या मागे हे शब्द आले, की आत-बाहेर, वर-खाली हे अर्थ कामाला येत नाहीत. गणितात हुशार असलेला मुलगा इंग्रजीत ‘गुड ॲट मॅथ्स’ असतो. पाण्यानं भरलेला हंडा ‘फुल ऑफ वॉटर’. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेला रुग्ण ‘ॲलर्जिक टू पेनिसिलिन’. ‘त’ला इन, ‘ने’ला विथ, ‘ची’ला ऑफ असं कोष्टक जुळवून बसलेल्या मुलाची तिन्ही उत्तरं चुकणार. आणि मग कधीतरी ते कोष्टक बरोबरही येतं : मुलाचा अभिमान, प्राउड ऑफ, मैत्रिणीचा हेवा, जेलस ऑफ, धोक्याची जाणीव, अवेअर ऑफ, दुसऱ्यावर अवलंबून, डिपेंडंट ऑन. कधी लागू, कधी नाही. मुलं गोंधळतात ती इथे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की विशेषण आणि त्यामागचं अव्यय या दोन गोष्टी म्हणून शिकवूच नयेत. ‘अफ्रेड’ असा शब्द फळ्यावर एकटा लिहू नये. ‘अफ्रेड ऑफ’ लिहावं, आणि लगेच ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. शब्दार्थाच्या वहीत एका बाजूला ‘अफ्रेड’ आणि समोर ‘घाबरलेला’ असं लिहून घेतलं, की त्या शब्दाचा अर्धा भाग आपण मुलाला दिलेलाच नसतो.

आपली मराठी आपण अशीच शिकलो. शब्दाला पक्का, हिशेबात पक्का, मनानं चांगला, डोळ्यानं अधू, कामाला वाघ, दोन वेळच्या अन्नाला महाग. पक्का हा एकच शब्द एका ठिकाणी ‘ला’ घेतो, दुसऱ्या ठिकाणी ‘त’. आपल्यापैकी कुणाला घरात बसवून हे पाठ करून घेतलं होतं? आजी बोलली, आई बोलली, बाजारात ऐकलं. जोडी कानातून आली आणि जोडीनंच राहिली. विभक्तीचा तक्ता शाळेत नंतर आला. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण तक्ता आधी देतो आणि कानावर काहीच घालत नाही. मराठी माध्यमाच्या पहिलीत इंग्रजी आलं त्याला २००० सालापासून इतकी वर्षं झाली, तरी खेड्यातल्या मुलाच्या कानावर पडणारं इंग्रजी बहुतेक करून बाईंच्या तोंडचंच असतं. म्हणून बाईंनी काय म्हणायचं याला फार महत्त्व आहे.

विशेषण आणि अव्ययाचं हे जुळणं मनाला येईल तसं झालेलं नाही, हेही मुलांना सांगावं. आवडीनं ऐकतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही विभक्ती होत्या. ‘फुल’ या विशेषणामागचं नाम तेव्हा षष्ठीत जायचं, जवळचा या अर्थाच्या विशेषणामागचं चतुर्थीत. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचं काम ऑफ, टू यांसारख्या सुट्या शब्दांनी उचललं. काही विशेषणांच्या वाट्याला तेही आले नाहीत, म्हणून ‘वर्थ’ आणि ‘लाइक’ यांच्यामागे आजही नाम थेट येतं. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हे शब्द लॅटिनमधून आले तेच तुलना पोटात घेऊन, म्हणून त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतं. ‘माझ्यापेक्षा सीनिअर’ म्हणणाऱ्या आपल्या कचेऱ्यांत ‘सीनिअर दॅन मी’ रोज ऐकू येतं, त्याचं मूळ आपल्या ‘पेक्षा’त आहे.

अव्यय बदललं की अर्थ बदलतो, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात तो सर्वांत कमी सापडतो. ‘टायर्ड फ्रॉम वॉकिंग’ म्हणजे चालून दमलेली. ‘टायर्ड ऑफ वॉकिंग’ म्हणजे चालण्याला कंटाळलेली. ‘अफ्रेड ऑफ हर’ म्हणजे तिची भीती वाटते; ‘अफ्रेड फॉर हर’ म्हणजे तिच्या काळजीनं जीव धास्तावलाय. ‘गुड ॲट’ कौशल्य सांगतं, ‘गुड फॉर’ फायदा सांगतं, ‘गुड टू’ वागणूक सांगतं, आणि ‘गुड विथ चिल्ड्रन’ म्हटलं की मुलांना सांभाळून घेणारी बाई डोळ्यांपुढे येते. आपण ‘शी’ लावून लग्न करतो, म्हणून मुलं ‘मॅरिड विथ’ लिहितात. इंग्रजीत ‘मॅरिड टू’ नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव आणतं, आणि ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ म्हणजे लग्न झालेलं आहे, दोन मुलं आहेत. एवढं एक उदाहरण वर्गात नीट समजावलं, तर मुलं ते विसरत नाहीत.

शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, या विचाराला भाषाशास्त्रात मानाचं स्थान मिळवून देणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात शिकवत होते. ए. एस. हॉर्न्बी १९२४ साली जपानला शिकवायला गेले. इंग्रजी शिकणाऱ्याला नुसता अर्थ पुरत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो ते दाखवावं लागतं, हे तिथे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. आज ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून आपल्या शाळांच्या कपाटात असतो तो हाच कोश. त्यात विशेषणाशेजारी त्याचं अव्यय ठळक छापलेलं असतं. तो कपाटातून बाहेर काढून मुलांच्या हाती द्यावा. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाच्या पुस्तकातही अशा जोड्यांच्या लांबच लांब याद्या आहेत, पण यादी पाठ करून जोडी तोंडात बसत नाही. वाक्य बोलून बसते.

आणखी एक गोष्ट मनात सलते. माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंग शिकून मुलाखतीला गेली. रुग्णाला कशाची ॲलर्जी आहे हे विचारल्याशिवाय इंजेक्शन देणार नाही, असं तिनं सांगितलं. ‘टू’च्या जागी ‘ऑफ’ म्हणाली. समोरचे हसले. तिचं उत्तर बरोबर होतं आणि रुग्णाच्या जिवाशी संबंधित होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. वेगळेपणा सांगताना इंग्रज ‘डिफरंट फ्रॉम’ म्हणतात, त्यांच्यातलेच पुष्कळ जण ‘डिफरंट टू’ म्हणतात, अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ सर्रास चालतं. ज्यांची ती मायबोली आहे त्यांच्यात इतकी ढिलाई चालते, तर आपण एका अव्ययावरून माणसाची लायकी ठरवणं साफ चूक आहे. मुलांना बरोबर जोडी शिकवण्यासाठी मी जीव तोडीन. ती चुकली म्हणून त्यांना कुणी हसलेलं मात्र खपवून घेणार नाही.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती आहे : ‘योग्य अव्यय भरा’ म्हणून जोडी तोडून एका गुणाची रिकामी जागा ठेवू नका, विशेषण द्या आणि मुलाला स्वतःबद्दल पूर्ण वाक्य लिहू द्या. शिक्षकांनी शब्द फळ्यावर सोबत्यासह लिहावा. आणि पालकांनो, घरी मूल ‘आय ॲम गुड इन क्रिकेट’ म्हणालं, तर त्याला अडवू नका. ‘हो रे, यू आर गुड ॲट क्रिकेट’ एवढंच म्हणा आणि पुढचं बोलू द्या.