दहा लाखांच्या आतली घरे

दसरा झाला की पांढरकवड्यात मिस्त्री आणि रंगारी मिळेनासे होतात. दिवाळीआधी भिंती रंगायला हव्यात, अडकलेला स्लॅब पडायला हवा. या घाईत बल्ल्या सुतळीने आवळल्या जातात, वर दोन फळ्या आडव्या टाकल्या जातात आणि त्यांवर माणूस चढतो. या अंकाचे पहिले पान त्या माणसासाठी आहे.

२९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला तेराव्या मजल्यावरून कोसळून नऊ मजूर मेले. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुमला लिफ्ट कोसळून सात जण गेले. त्या बातम्या राज्यभर पोचल्या. आपल्याकडचा माणूस दहा-बारा फुटांवरून पडतो, आणि तेवढी उंची पुरते. टाचांवर आपटला तर हादरा कंबरेच्या मणक्यापर्यंत जातो. मग घाबरलेले सोबती हातपाय धरून त्याला ऑटोत बसवतात. मोडलेला मणका मज्जारज्जूला या उचलाउचलीतही इजा करू शकतो. पडलेल्याला हलवू नये, १०८ ला फोन करावा, एवढे तरी प्रत्येक कामावर ठाऊक असायला हवे.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता. पण मजूर दहापेक्षा कमी असले, किंवा स्वतः राहण्यासाठी बांधलेले घर दहा लाखांच्या आतले असले, तर तो लागू होत नसे. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार संहितेने घराची ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. तालुक्याच्या गावात या रेषेपलीकडे घरे उरतात तरी किती?

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असेल तर कामावर मृत्यू आल्यास वारसाला पाच लाख मिळतात. नोंदीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या दारात विटा वाहणाऱ्या रेजाने तो कुणाकडे मागायचा?

आमच्या मते दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. आपण ठेका चौरस फुटावर देतो, दर घासून खाली आणतो आणि परांचीचा खर्च त्यातच धरायला सांगतो. तो वाचवायचा कुठे, हे तिथेच ठरून जाते. म्हणून घरमालकांना आमची विनंती आहे: परांचीचे पैसे वेगळे लिहून द्या. लोखंडी पाइपांची, कठड्यासकट परांची भाड्याने आणायला लावा आणि तिच्याशिवाय पहिल्या मजल्याचे काम सुरू करू देऊ नका. बांधकामाची परवानगी देताना नगर परिषदेनेही हीच अट घालावी.