पुस्तकाच्या दुकानातला प्रियकर

डेटिंगमधल्या धोक्यांवर लिहिलेल्या मानसशास्त्रीय थरारकथांवर दोन आरोप नेहमी होतात. एक, या कथा मुलींना घाबरवून घरात बसवतात. दोन, त्या पाठलाग करणाऱ्या पुरुषालाच नायक करून ठेवतात. आपल्याकडे त्यात तिसरा सूर मिसळतो: ॲपवर अनोळखी मुलांशी ओळखी वाढवल्या की दुसरं काय होणार! २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतल्या खुनाची बातमी आली तेव्हा घरोघरी हेच ऐकू येत होतं.

या तिसऱ्या सुरापासूनच सुरुवात करते, कारण तो सर्वांत ठाम आहे आणि सर्वांत चुकीचाही. या प्रकारातली आजची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे कॅरोलाइन केपनेसची ‘यू’ (२०१४). तिच्यातले जो आणि बेक ॲपवर भेटतच नाहीत. ते भेटतात न्यूयॉर्कमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात. जो तिथे काम करतो. बेक पुस्तक घेते, कार्डाने पैसे देते. कार्डावरचं नाव त्याला पुरतं. बाकीचं सगळं तिनेच इंटरनेटवर उघड्यावर ठेवलेलं असतं. पुढे तिचा फोनही त्याच्या हाती लागतो. ती नवा घेते, पण जुना चालूच राहतो आणि तिचा पत्रव्यवहार तो बसून वाचत राहतो. आता जोकडे काय काय आहे ते बघा: वाचनाची आवड, मृदू बोलणं, स्वतःच्या पायावर उभं असणं. आपल्या स्थळांच्या बायोडेटात चांगुलपणाचा पुरावा म्हणून याहून वेगळं काय लिहितात? ‘ओळखीतलं बघा’ हा सल्ला देणाऱ्यांनी आणखी एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींचे हेतुपुरस्सर खून झाले. त्यांतल्या ५१ हजारांहून अधिक जणींना जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणी मारलं.

घाबरवण्याचा आरोप मात्र सरसकट उडवून लावता येत नाही. जूडिथ रॉसनरची ‘लुकिंग फॉर मिस्टर गुडबार’ १९७५ ची. दिवसा शाळेत शिकवणारी आणि रात्री बारमध्ये जाणारी तिची नायिका मारली जाते, आणि कितीतरी वाचकांनी त्यातून ‘रात्री बाहेर जाऊ नये’ एवढाच बोध घेतला. बाईच्या इच्छेला मरणाची शिक्षा देणाऱ्या अशा कथा आजही ढिगाने निघतात. त्यांची बाजू मी घेणार नाही.

दुसऱ्या आरोपाचं मूळ ‘यू’च्या मालिकेत आहे. २०१८ मध्ये ती आली आणि अनेक प्रेक्षक जोच्या प्रेमात पडले. ती भूमिका करणाऱ्या पेन बॅजलीलाच लोकांना सांगावं लागलं की बाबांनो, हा माणूस खुनी आहे. पडद्यावर देखणा चेहरा आला की तोल ढळतो, हे खरं. पाच पर्वं ताणल्यावर तो आणखी ढळतो. कादंबरीत मात्र चेहरा नाही. तिथे फक्त त्याचा आवाज आहे, बेकला ‘तू’ म्हणत सतत तिच्याशी बोलणारा. हा आवाज आपल्याला गोड का वाटतो? ‘डर’ (१९९३) मध्ये नायिकेच्या मागे लागलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवणाऱ्या थिएटरांनी ‘यू’ वाचलेली नव्हती. नकार म्हणजे लाजणं, चिकाटी म्हणजे प्रेम, हे आपण कितीतरी सिनेमांतून आणि गाण्यांतून आधीच शिकून बसलो होतो. केपनेस तीच भाषा घेते आणि ती बोलणाऱ्याच्या डोक्यात आपल्याला बसवते. जो स्वतःला शिकारी समजत नाही. तो बेकची काळजी घेतोय असं मानतो. त्या काळजीच्या वाक्यांना आपण मान डोलावत जातो आणि पुढच्याच पानावर दचकतो. या दचकण्यासाठीच हा साहित्यप्रकार मला मोलाचा वाटतो.

खून न घडवताही हे साधतं. क्रिस्टन रूपेनियनच्या ‘कॅट पर्सन’ (२०१७) या कथेत वीस वर्षांची मार्गो आणि चौतीस वर्षांचा रॉबर्ट मेसेजमधून जवळ येतात. मेसेजमधला रॉबर्ट मजेशीर आहे, हळवा आहे. प्रत्यक्षातला माणूस निराळाच निघतो. भेट नकोशी झाल्यावरही मार्गो ती निभावून नेते, कारण आता नाही म्हणणं तिला अवघड आणि उद्धट वाटतं. शेवटी त्याचे मेसेज एकामागून एक येतात, आधी विनवणीचे, मग संशयाचे, आणि अखेरचा एका शब्दाच्या शिवीचा. एवढंच. पण ही कथा प्रसिद्ध झाली तेव्हा असंख्य बायकांना तिच्यात आपला अनुभव दिसला.

म्हणून मला अशी कादंबरी मराठीत हवी आहे. तिच्यात सुरा नको, तळघर नको, ‘वाट चुकलेली’ नायिका तर नकोच. पुण्यात किंवा ठाण्यात राहणारा, आईला रोज फोन करणारा एक मुलगा असावा आणि गोष्ट त्यानेच सांगावी. “पोचलीस का? लोकेशन पाठव. सोबत कोण आहे? फोटो टाक ना.” ही वाक्यं त्याने अगदी मनापासून, प्रेमाने म्हणावीत, आणि निदान पहिली पन्नास पानं तरी आपल्याला तो आवडावा.