ती वही तपासायची नाही

विशेष मुलांच्या आईकडे वह्यांना तोटा नसतो. एक होम प्रोग्रॅमची, एक शाळेच्या निरोपांची, आणि मुलाला फिट येत असतील तर तारीख, वेळ, किती मिनिटं हे टिपायची तिसरी. होम प्रोग्रॅमची वही उघडली की आपल्यापैकी कुणाच्याही लगेच लक्षात येतं: सातही दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या आहेत. बहुधा आदल्या रात्री, मूल झोपल्यावर. आपण काही न बोलता सही करतो आणि पुढच्या आठवड्याचं लिहून देतो.

आता याच आईला आपण सांगू लागलो आहोत, ‘मन मोकळं करायला रोज लिहीत जा.’ सल्ला वाईट नाही. पण ज्या प्रयोगांच्या जोरावर आपण तो देतो, त्यांत रोज लिहिणं नव्हतंच. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी ओळीने ४ दिवस, १५-१५ मिनिटं लिहिलं. झालेला आघात आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहून उठल्यावर हलकं वाटलं नाही, उलट जास्तच उदास वाटलं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या कमी झालेल्या फेऱ्यांत. २००६ मध्ये जोअ‍ॅन फ्रॅटरोली यांनी असे १४६ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम खरा निघाला, पण छोटा.

म्हणजे पालकांना आधीच सांगून ठेवायला हवं की पहिल्या दिवशी रडू येईल, आणि झेपेनासं झालं तर तिथेच पेन खाली ठेवायचं. निदानाचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात तर हे सुचवूच नये. त्या दिवसांत माणसाला झोप हवी असते आणि मुलाला तासभर सांभाळणारं कुणीतरी हवं असतं.

पेनबेकर यांच्याच पुढच्या कामातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ अशी भाषा वाढत गेली, त्यांना लाभ जास्त झाला. ‘माझ्याच नशिबी का’ हेच वाक्य चारही दिवस फिरून फिरून येत असेल तर पाचवा दिवस सांगू नका. तिथे समोरासमोर बोलणारा समुपदेशक लागतो.

पण हे आपल्याला कळणार कसं? वही वाचून नव्हे, विचारून. या वहीला आपण हात लावता कामा नये, याबाबत माझं मत ठाम आहे. थेरपिस्ट वाचणार हे माहीत असलेली आई ‘आज त्याने नजरेला नजर दिली’ असं लिहील. ‘आज मी त्याला मारलं’ हे लिहिणार नाही. शिवाय एकत्र कुटुंबात वही ठेवायची कुठे, हा प्रश्न आहेच. लिहून फाडून टाकलं तरी चालतं, हे स्पष्ट सांगा. लिहिण्याची सवय नसेल तर फोनवर बोलून ठेवावं आणि हवं तर पुसून टाकावं. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या मनातलं जात्यापाशी ओवीतून सांगितलंच, त्याला अक्षरओळख लागली नव्हती. बापांनाही विचारा, ते नाही म्हणतील हे आपणच गृहीत धरून बसतो.

कधी पालक आपणहून सांगतात, आणि बहुतेकदा त्यात एकच भीती असते: आमच्या माघारी याचं कसं होणार? तिला सहानुभूतीचं उत्तर पुरत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, निरामय आरोग्य विमा आहे. ही माहिती आपल्या टेबलावर तयार हवी. आणि बोलण्यात स्वतःला किंवा मुलाला संपवण्याचा विचार डोकावला, तर वहीचा विषय तिथेच संपला. त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो.

पुढच्या पालकसभेत वह्या वाटायचा विचार असेल, तर एवढं करा: आधी होम प्रोग्रॅमच्या वहीतले दोन रकाने कमी करा. पंधरा मिनिटं तिथूनच निघतील.