टाचांच्या भेगा आणि कंत्राटदाराचे बूट

थंडी पडली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पायांच्या निगेवर लेख येऊ लागतात. कोमट पाण्यात पाय बुडवा, दगडाने टाचा घासा, मलम लावा, मोजे घाला. सल्ला खोटा नाही. पण तो ज्यांच्यासाठी लिहिला जातो, त्यांचे पाय तेव्हा पांघरुणात असतात. आमचा सफाई कामगार त्याआधीच हजेरी चौकीवर हजेरी लावून झाडू घेऊन रस्त्यावर उतरलेला असतो. आमची ऊसतोड करणारी माय दवाने भिजलेल्या फडात उभी असते. या पायांबद्दल कोण लिहिणार? म्हणून आम्ही लिहितो आहोत.

तळपायाच्या कातडीला स्वतःचे तेल सुटत नाही. थंडीच्या कोरड्या हवेत ती आणखी सुकते, टाचेवर जाड होते आणि अंगाच्या भाराने तडकते. भेग खोल गेली की रक्त येते. मग त्याच पायाने गटाराच्या पाण्यात उभे राहायचे! उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. उपाय महागडा नाही. रात्री पाय धुवून बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसावेत, टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळून सुती मोजे घालावेत. कोकणातल्या आमच्या आजीबाई भेगांत कोकमाचे तेल वितळवून भरत, तेही उत्तम. मधुमेह असेल त्यांनी मात्र शेकोटीला पाय शेकू नयेत. पाय बधिर असतो, भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळून पाय कापायची वेळ येते. खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले, हे समाजाला ठाऊक आहे. तरी आमच्या वस्त्यांत साखर तपासून घेणारे किती?

आता दुसरी बाजू. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, हातमोजे, मास्क आणि योग्य पादत्राणे मिळावीत, असे स्पष्ट लिहिले गेले. कायम कामगाराला काही तरी मिळते. कंत्राटी कामगाराला मिळाले तर एक जोड, तोही मापाचा नसलेला. एकदा आत पाणी गेले की दुसऱ्या दिवशी तोच ओला बूट चढवायचा. बूट दिल्याची सही मात्र रजिस्टरात असते! बूट दिला की नाही एवढेच संघटनांनी विचारू नये. माप, बदलीचा जोड आणि मोजे, तिन्ही मागावेत.

पाय हा आमच्याकडे कधीच नुसता आरोग्याचा विषय नव्हता. जोडे शिवणारे हात चर्मकार बांधवांचे, पण अनेक गावांत अस्पृश्याला गावातून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. डिसेंबर १९२७ मध्ये, अशाच थंडीत, बाबासाहेबांनी महाडला आमच्या आयाबहिणींना लुगडे घोट्यापर्यंत नेसायला सांगितले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे ही जातीची खूण होती, ती त्यांनी झुगारली. आज महापालिकेच्या रस्त्यावर अनवाणी उभा असलेला माणूस कोणत्या जातीचा, हे विचारावे लागत नाही, ते का?

१ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो माणसे येतात, त्यातली कित्येक मैलोनमैल चालून. तिथल्या आरोग्य शिबिरांत बसणाऱ्या आमच्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाबाबरोबर पायही तपासावेत. चप्पल काढायला त्यांनीच सांगावे. भेगाळलेला पाय लाजेने कुणी आपणहून दाखवत नाही.