आकडा वाचावा, पण देणाऱ्याला ओळखून

कागदावर नुसते 'केळापूर' लिहिलेले असेल, तर काय समजावे? केळापूर हे गावही आहे आणि तालुकाही. पण तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. लिहिणारा कोण, हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. संगणकाने दिलेल्या आकड्यांचेही असेच आहे, आणि हे शाळेतच शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे.

समजा, शाळेच्या गुणपत्रकांची रोज नक्कल ठेवणारा एक प्रोग्राम पायथन भाषेत लिहिला आहे. तो 'ओएस.सिस्टीम' या फंक्शनमार्फत शेलला नक्कल करण्याची आज्ञा देतो. काम संपताच आज्ञा एक आकडा परत देते. रूढ संकेत असा, की ० म्हणजे काम झाले. दुसरा आकडा म्हणजे काही बिनसले.

आता डिस्क भरली, नक्कल झाली नाही आणि आज्ञेने १ दिला. विंडोजवर प्रोग्रामच्या हाती १ च येतो. लिनक्सवर मात्र २५६ येतो! कारण तेथे एकाच संख्येत दोन नोंदी असतात. आज्ञा एखाद्या सिग्नलने मध्येच बंद पडली का, ही नोंद खालच्या आठ बिटांत. आणि आज्ञेचा स्वतःचा आकडा त्यांच्या वरच्या आठ बिटांत. म्हणून १ चे २५६ होतात.

खरा धोका पुढे आहे. प्रोग्रामने हा २५६ तसाच स्वतःचा निकाल म्हणून दिला, तर लिनक्स त्याची खालची आठच बिटे ठेवते. २५६ ला २५६ ने भागून बाकी किती? शून्य! अपयशाचे यश झाले. नक्कल नाही हे कळते, ते मूळ फाइल बिघडल्यावरच.

मग 'शून्य नाही म्हणजे चूक' एवढे पाठ करून भागेल का? नाही. लिनक्सवरील ग्रेप ही आज्ञा शब्द नुसता सापडला नाही तरी १ देते. खरी चूक झाल्यास २ देते. विंडोजवरील रोबोकॉपी नक्कल नीट झाल्यावर १ देते. तिचे अपयश ८ पासून सुरू होते.

उपाय अवघड नाहीत. २०२० साली आलेल्या पायथन ३.९ मध्ये लिनक्सचा हा आकडा उलगडणारे फंक्शन आहे. पण त्याआधी सवय हवी. शिक्षकांनी मुद्दाम फसणारी एक आज्ञा दोन्ही प्रणालींवर चालवून घ्यावी आणि आलेले आकडे कारणांसह वहीत लिहायला लावावेत. विद्यार्थिमित्रांनो, तापमान लिहिताना अंश सेल्सिअस की फॅरनहाइट, हे तुम्ही लिहिताच ना? मग येथेही आकड्याशेजारी आज्ञेचे आणि प्रणालीचे नाव लिहा.