चालते करा, नवे करू नका

चावीचे किंवा विजेवर चालणारे जुने खेळण्यातले इंजिन दुरुस्तीच्या टेबलावर आले, की हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. तो आवरावा, असा आमचा आग्रह आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये आपल्या आगगाड्या बाजारात आणल्या, तेव्हा त्यांची इंजिने मेकॅनो या जोडणीच्या खेळासारखी नट-बोल्टांनी जोडलेली होती. मुलांनी ती खोलावीत आणि पुन्हा जोडावीत, हाच त्यामागचा विचार. म्हणजे यंत्र उघडणे, साफ करणे, झिजलेला भाग बदलणे हे या वस्तूच्या घडणीतच आहे. बाहेरच्या रंगाला मात्र ही मुभा नाही. तो एकदा खरवडला की गेलाच.

या रंगात माहिती साठलेली असते. १९२३ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि खेळण्यांवरची नावेही बदलली. मिडलंड रेल्वेचा तांबूस किरमिजी रंग त्या चारांपैकी एक असलेल्या एलएमएस कंपनीने पुढे चालू ठेवला. अशा वेळी विलीनीकरणाच्या आधीचे इंजिन कोणते आणि नंतरचे कोणते, हे ओळखायला अक्षरे आणि चिन्हे उपयोगी पडतात. ती ट्रान्स्फरची, म्हणजे कागदावरून चिकटवून उमटवलेली असली, तर थिनरच्या एका बोळ्याने निघून जातात. छापील पत्र्याचे काम तर आणखी नाजूक. तिथे चित्र आधी सपाट पत्र्यावर छापतात, मग पत्रा कापून, वाकवून घडवतात. शाईचा तो पातळ थर कितीही निष्णात हाताला ब्रशने पुन्हा आणता येत नाही. म्हणून आधी कोरडा मऊ ब्रश, मग आडोशाच्या जागी तपासून जेमतेम ओला कापूस. त्यापुढे जाण्याची गरज क्वचितच पडते.

गंज वाढत असताना रंगाला हात लावायचा नाही, तर पत्रा खाऊ द्यायचा का, असे कोणी विचारेल. खाऊ देऊ नयेच. पण गंज ठिपक्याठिपक्याने काढता येतो आणि उघड्या पत्र्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात देता येतो. चार ठिपक्यांसाठी अख्खे इंजिन रंगवण्याचे कारण नाही. कोकणासारख्या दमट हवेत तर नव्या रंगापेक्षा कोरडे कपाट अधिक कामाचे. दुसरा आक्षेप मझॅकचा, आणि तो खरा आहे. या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची अशुद्धी राहिली, की दमटपणात ओतकाम आतून फुगते, तडकते आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची अनेक चाके अशीच गेली. यावर औषध नाही. अशी चाके बदलावीच. मात्र जुनी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून इंजिनाबरोबर द्यावीत. यंत्रात वाळून चिकट झालेले तेल काढून नवे थेंबभरच घालावे, विजेच्या मोटरीचा कम्युटेटर कोरडा ठेवावा.

उरतो गिऱ्हाइकाचा हट्ट: खेळणेच आहे, चकचकीत का नको? चकचकीत खेळणे आजही नवे विकत मिळते. हँडरेलपाशी उडालेला रंग आणि चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे हा मुलांच्या हाताळणीचा पुरावा मात्र नवा मिळत नाही. मूळ रंगाचा लवलेशही उरला नसेल, तर जरूर रंगवावे. पण आधी फोटो काढावेत आणि रंगवल्याचे वर्ष आतल्या बाजूला लिहावे, म्हणजे उद्या कोणी ते अस्सल म्हणून विकू शकणार नाही. चाके फिरली पाहिजेत, शिट्टी असेल तर वाजली पाहिजे. त्यासाठी लागेल तेवढे कौशल्य पणाला लावावे. आणि काम संपल्यावर आपण काय बदलले, याची यादी मालकाच्या हाती द्यावी. पुढच्या कारागिराला आपल्या कामाचा माग काढता आला, तरच ते काम पुरे झाले.