पंचवीस मिलिमीटरचे नाणे

‘फक्त ५ आणि १० रुपयांची नाणी टाकावीत.’ ग्रामपंचायतीच्या पाणी एटीएमवर, शाळा-कॉलेजातल्या सॅनिटरी पॅडच्या यंत्रावर, हल्ली कुठे कुठे सुरू झालेल्या ‘स्वतःची गाडी स्वतः धुवा’ पद्धतीच्या वॉशिंग सेंटरवर ही पाटी इतकी सर्रास लागते, की तिच्यात काही वावगे आहे असे आपल्या व्यवसायात कुणाला वाटेनासे झाले आहे. पुढची पायरीही आता दिसू लागली आहे. नाण्याच्या खाचेवर पत्र्याची पट्टी ठोकायची आणि शेजारी क्यूआर कोड चिकटवायचा. ही यंत्रे बसवणाऱ्या, चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आपणा सर्वांना या अंकात आमची एकच विनंती आहे. १ आणि २ रुपयांची नाणी नाकारू नका. ज्यांनी ती नाकारायचे ठरवले आहे त्यांची अडचण खोटी नाही, म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलू.

१९९२ पासून आलेले १ रुपयाचे स्टेनलेस स्टीलचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे. ती नाणी कित्येक वर्षे पाडली गेली. २००७ नंतरच्या, हाताच्या मुद्रेचे चित्र असलेल्या रुपयाचे मापही तेच. मग २०११ मध्ये रुपयाचे नवे चिन्ह असलेली मालिका निघाली. तिच्यात नाणी एकेक पायरी लहान झाली आणि २ रुपयांच्या नाण्याला माप मिळाले २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. धातू तोच, फेरिटिक स्टेनलेस स्टील. धातू, व्यास आणि वजन तिन्ही सारखी असली की जाडीही सारखीच निघते. म्हणजे जुना रुपया आणि २०११ च्या मालिकेतले २ रुपये ही माणसाच्या डोळ्याला दोन नाणी आहेत, पण आपल्या यंत्राला एकच. खालच्या पायरीवरही तीच गत. २०११ चा रुपया जुन्या ५० पैशांच्या मापावर, जवळपास २२ मिलिमीटरवर, येऊन बसला. फरक इतकाच की ५० पैसे कायद्याने अजून वैध असले तरी कुणी यंत्रात टाकायला आणत नाही, त्यामुळे त्याचा उपद्रव नाही. खरी डोकेदुखी आहे ती २५ मिलिमीटरची.

आपले अ‍ॅक्सेप्टर म्हणजे नाणी ओळखणारे भाग काय बघतात ते वाचकांना ठाऊक आहेच. नाणे घरंगळताना प्रकाशकिरण अडतो त्यावरून व्यास कळतो, कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना होणाऱ्या बदलावरून धातू आणि जाडी कळते. नाण्यावर काय छापले आहे ते त्याला दिसत नाही. नमुन्याचे नाणे खोबणीत बसवून त्याच्याशी तुलना करणारा साधा अ‍ॅक्सेप्टर असो की आठ-दहा प्रकार शिकवता येणारा महागडा, या दोन नाण्यांपुढे दोघेही सारखेच हतबल. ‘सेटिंग बारीक केले तर फरक पकडेल’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्या हातावर दोन्ही नाणी ठेवा आणि वजनकाटा पुढे करा. सेटिंग बारीक केल्याने एवढेच होते की झिजलेली खरी नाणीही परत पडू लागतात.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये सुझन बी. अँथनी यांच्या चित्राचे डॉलरचे नाणे आले तेव्हा ते २६.५ मिलिमीटरचे होते आणि रोजच्या वापरातले २५ सेंटचे नाणे २४.३ मिलिमीटरचे. रंगही सारखाच. यंत्रांना दोन्हींतला फरक कळत होता, पण लोक गोंधळले आणि ते नाणे रुळले नाही. पुढे २००० मध्ये सकागाविया डॉलर काढताना तिथल्या टांकसाळीने सोनेरी रंगाचा मिश्रधातू मुद्दाम असा निवडला की यंत्रांच्या कॉइलला तो अँथनी डॉलरसारखाच वाटावा. जुन्या यंत्रांत काही बदल न करता नवे नाणे चालावे हा हेतू. तुर्कस्तानात २००५ मध्ये आलेले १ लिराचे नाणे २ युरोच्या नाण्याच्या इतके जवळ गेले की किमतीत मोठी तफावत असूनही युरोपातल्या काही यंत्रांनी ते २ युरो म्हणून गिळले. युरोची नाणी घडवताना मात्र यंत्र चालवणाऱ्यांचा विचार आधीपासून केला होता. १ आणि २ युरोच्या गाभ्यातले धातूचे थर यंत्राला चटकन ओळखू यावेत म्हणूनच तसे रचलेले आहेत.

आपल्याकडे २०१९ च्या मालिकेने हा गुंता बराच सोडवला. तिच्यात रुपया २० मिलिमीटरचा आणि २ रुपये २३ मिलिमीटरचे. ५ रुपये २५ मिलिमीटरचे असले तरी ते पिवळ्या निकेल-ब्रासचे आहेत, त्यामुळे स्टीलच्या नाण्याशी त्यांची गल्लत होत नाही. दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावीत म्हणून ही मालिका घडवली गेली आणि त्याचा लाभ आपल्या यंत्रांनाही झाला. पण जुनी नाणी रद्द झालेली नाहीत, होण्याची चिन्हे नाहीत, आणि व्हावीत असे आमचे म्हणणेही नाही. ज्याच्या हातात जे वैध नाणे आहे ते त्याचे पैसे आहेत. २०११ च्या नाणे कायद्याने १ रुपया आणि त्यावरचे नाणे १००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन ठरवले आहे.

तेव्हा प्रश्न उरतो तो असा. २५ मिलिमीटरचे स्टीलचे नाणे खाचेतून आत आले, तर ते किती रुपयांचे धरायचे?

आज बहुतेक ठिकाणी ते परत पडते किंवा १ रुपया म्हणून मोजले जाते. आमचे मत स्पष्ट आहे. ते २ रुपयांचे धरा. हिशेब करून बघा. समजा गल्ल्यातल्या अशा १०० नाण्यांत २५ जुने रुपये निघाले. सगळी २ रुपयांची धरली तर यंत्राने २०० रुपयांचा माल दिला आणि गल्ल्यात आले १७५. तोटा २५ रुपयांचा, आणि तोही फक्त या एका नाण्यावर झालेल्या विक्रीत. उलट सगळी १ रुपयाची धरली तर यंत्राने १०० रुपयांचा माल देऊन १७५ रुपये घेतले. वरचे ७५ रुपये कुणाचे? जारभर पाण्यासाठी चिल्लर मोजून आणणाऱ्याचे. यंत्राच्या मर्यादेची किंमत कुणी मोजायची हे ठरवायची वेळ आली, तर ती यंत्राच्या मालकाने मोजली पाहिजे. समोर माणूस नसलेल्या दुकानात ग्राहकाला भांडायलाही कुणी नसते, म्हणून तिथे आपली जबाबदारी वाढते.

गावात ही गोष्ट फुटणार, जुने रुपये राखून ठेवून लोक यंत्रातच टाकणार, अशी शंका येईल. टाकू देत. फक्त एक पथ्य पाळा. गल्ला उघडल्यावर जुने रुपये वेगळे काढा आणि ते थेट बँकेत भरा. शेजारच्या किराणा दुकानाला मोड देताना त्यात ते घालू नका. नाहीतर तेच नाणे पुन्हा फिरून तुमच्याच खाचेत येईल. जुना रुपया आता पाडला जात नाही, त्यामुळे एका वस्तीतला त्याचा साठा हळूहळू आटतो.

१० रुपयांच्या नाण्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की या नाण्याची १४ वेगवेगळी रूपे चलनात आहेत आणि सगळी वैध आहेत. तरीही ‘हे चिन्ह नसलेले चालत नाही’, ‘पंधरा रेघांचे खोटे’ अशा अफवांपायी कितीतरी गावांत ते नाणे दुकानदार हातात घेत नव्हते. यंत्राला चौदाही रूपे एकच, कारण २७ मिलिमीटरचे माप आणि दोन धातूंची रचना सगळ्यांत सारखी. ज्या गावात ते नाणे कुणी घेत नाही तिथे तुमचे यंत्र ते बिनतक्रार घेते. पाटीवर तसे ठळक लिहा.

आता क्यूआर कोडविषयी. आम्ही त्याच्या विरोधात नाही. यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही, गल्ला फोडला जाण्याची भीती राहत नाही, पैसे मोजावे लागत नाहीत. ज्यांना तसे पैसे द्यायचे आहेत त्यांच्यासाठी तो असायलाच हवा. पण खाच बंद करण्याआधी आपल्या यंत्रापुढे उभे कोण असते ते आठवा. शाळेतल्या स्वच्छतागृहात पॅडच्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुलीकडे फोन नसतो, कारण शाळेत तो आणूच देत नाहीत. त्या क्षणी तिच्याजवळ मधल्या सुट्टीच्या खाऊसाठी घरून मिळालेली चार नाणी असतात, आणि तिची गरज अशी असते की ‘उद्या ये’ म्हणता येत नाही. ५ रुपयांचे एकच नाणे मागणारे यंत्र तिला रिकाम्या हाताने परत पाठवते, तिच्या मुठीत २, २ आणि १ असे पुरते ५ रुपये असताना. अशा ठिकाणी अनेक नाणी घेणारा अ‍ॅक्सेप्टर न बसवता एकाच नाण्याचा स्वस्तातला बसवणे, ही आमच्या मते या व्यवसायातली सर्वांत मोठी चूक आहे. पाण्याच्या जारसाठी धाकट्या पोराला पाठवले जाते, तेव्हाही घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो.

सुटी नाणी घेणे सोपे करायचे असेल तर विक्रीची रीत बदला. ठराविक नगाला ठराविक किंमत ठेवली की २ रुपये कमी-जास्त झाल्यावर यंत्र अडते. वेळेवर किंवा मापावर विका. अमेरिकेतली स्वतः गाडी धुण्याची केंद्रे अनेक वर्षे २५ सेंटच्या नाण्यावर चालली ती या रीतीने. पंप सुरू व्हायला अमुक नाणी लागतात, पण सुरू झाल्यावर प्रत्येक नाणे काही सेकंद वाढवत जाते. साबण उतरवायला थोडे पाणी कमी पडले तर ग्राहक एक नाणे आणखी टाकतो. आपल्याकडच्या वॉशिंग यंत्रांत आणि पाणी एटीएममध्येही हे करता येते, कारण अ‍ॅक्सेप्टर शेवटी पल्सच पाठवतो. १ रुपयाला एक पल्स, २ रुपयांना दोन, ५ ला पाच, आणि टायमर किंवा फ्लो मीटर त्याप्रमाणे सोडतो. ५ रुपयांना २० लिटरचा दर असेल तर १ रुपयाला ४ लिटर. तांब्या-बादली घेऊन आलेल्यालाही मग पाणी मिळते, फक्त जारवाल्याला नव्हे. पाणी भरून झाल्यावर उरलेला रुपया निदान काही मिनिटे पडद्यावर जमा दिसू द्या. परत पडलेले नाणे कुठे पडते तेही नीट बघा. ते वाटीत, हाताला लागेल असे आणि आवाज होईल असे पडले पाहिजे. ओल्या हातांनी टाकलेली नाणी आणि पावसाळ्यातली दमट धूळ यामुळे घसरण चिकट होते आणि खरी नाणीही परत पडू लागतात, तेव्हा गल्ला उघडाल त्या प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने ती पुसा.

उरला बँकेचा प्रश्न. १००० नाणी २ रुपयांची म्हणजे २००० रुपये आणि जवळजवळ पाच किलो वजन, ते घेऊन रांगेत उभे राहायचे आणि काउंटरवर कपाळाला आठ्या बघायच्या, हा त्रास आम्ही नाकारत नाही. पण नियम तुमच्या बाजूने आहेत. ग्राहकाने किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. १ आणि २ रुपयांची नाणी वजनावर स्वीकारावीत अशी तिची सूचना आहे, आणि शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्या करून नेल्या तर काउंटरवर काम हलके होते. त्याहून चांगली वाट बाजारात आहे. सुट्या पैशांसाठी किराणावाला, भाजीवाली, एसटीचा कंडक्टर सगळे अडतात. रिझर्व्ह बँकेला २०२३ मध्ये क्यूआर कोडवर नाणी देणारी यंत्रे बारा शहरांत प्रायोगिक तत्त्वावर बसवण्याची घोषणा करावी लागली, ती याच टंचाईपोटी. दोन-चार दुकानदारांशी आठवड्याचा वार ठरवून घेतला तर बँकेत न्यायला उरतील ते फक्त ते वेगळे काढलेले जुने रुपये.

पुढच्या अंकासाठी वाचकांकडून एक काम हवे आहे. एका पूर्ण महिन्यात तुमच्या यंत्रात आलेली २५ मिलिमीटरची स्टीलची नाणी बाजूला ठेवा आणि त्यांतले जुने रुपये किती, २ रुपयांची नाणी किती, ते मोजा. गाव की शहर, यंत्र पाण्याचे, पॅडचे की गाडी धुण्याचे, एवढे लिहून कळवा. अ‍ॅक्सेप्टर बनवणाऱ्यांशी दराबद्दल आणि सुट्या भागांबद्दल बोलणी करायला आमच्याजवळ मग खरे आकडे असतील.